आखाजीचे पाहुणे

अक्षय्य तृतीयेला जळगावच्या सराफ बाजारात पाय ठेवायला जागा नसते. साडेतीन मुहूर्तांतला एक मुहूर्त, त्यात सुवर्णनगरी म्हणवून घेणारं गाव, गर्दी व्हायचीच. पण त्याच सकाळी त्याच गावातल्या जुन्या घरांत जी पूजा मांडलेली असते, तिला गुंजभर सोनं लागत नाही. कुंभाराकडून आणलेली नवी कोरी घागर, ती टेकवायला खाली मूठ-दोन मूठ धान्य, तोंडावर लहान मडकं आणि त्यावर एक डांगर नि एक आंबा. डांगर म्हणजे खरबूज. हा शब्द तापीकाठच्या बाजारात अजून रोज ऐकू येतो.

खान्देशात या सणाला आखाजी म्हणतात आणि तो दिवाळीच्या तोडीचा आहे असं सांगताना कुणी कचरत नाही. मी तर पुढे जाऊन म्हणेन की आखाजीची बांधणी दिवाळीपेक्षा घट्ट आहे. दिवाळीतला प्रत्येक दिवस आपापली कथा घेऊन येतो. कुठे नरकासुर, कुठे बळी, कुठे यम आणि यमुना. आखाजीत गोष्ट एकच आहे, फक्त तिची पात्रं बदलतात. जे कधीकाळी या घरचे होते आणि आता नाहीत, ते थोड्या वेळापुरते परत येतात. घरच्या माणसाचा पाहुणा झाला, हे एवढंच आखाजी सांगते. पण सांगण्याची तऱ्हा अशी आहे की ती सावकाश पाहावी.

आधी घागर. खान्देशातला वैशाख ज्याने काढला आहे त्याला हिचा अर्थ कुणी समजावून द्यायला नको. जळगाव, भुसावळ, धुळे इथं पारा ४४-४५ अंशांवर गेला तर ती आता बातमीही होत नाही. पांझरा, बोरी यांच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू जास्त दिसते. अशा दिवसांत लांबून आलेल्या माणसापुढे आपण आधी पाण्याचा तांब्या ठेवतो, बाकीचं मग. पितरांना घागर भरतात ती याच रीतीने. पितृपक्षात प्रत्येकाची तिथी असते, पानं वाढण्याचे नियम असतात, चुकलं तर काय याची धास्ती असते, कावळा शिवेपर्यंत जीव टांगलेला असतो. आखाजीला तेवढा बडिवार नाही. घरातले सगळे गेलेले एकदम येतात आणि पाणी पितात.

डांगर आणि आंबा का? एक नदीच्या वाळूतलं फळ, दुसरं बांधावरचं. दोन्ही याच दिवसांत पिकतात. पण त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे आखाजीची घागर भरेपर्यंत आंबा तोंडात घालायचा नाही, ही जुन्या घरांतली शिस्त. बाजारात हापूस मार्चातच आलेला असतो आणि मुलं काही ऐकत नाहीत, हा भाग वेगळा. पण नियम काय सांगतो ते पाहा. ज्या घरात म्हातारा जिवंत असतो, तिथं मोसमातलं पहिलं फळ त्याच्या ताटात जातं. तो गेला तरी त्याची ती जागा जात नाही. पितरांना इथं देव केलेलं नाही. देव केलं की भीती येते, नवस येतो. त्यांना घरातलं वडीलधारं माणूसच राहू दिलंय आणि आंबा आधी त्यांना दिलाय. मग स्वयंपाक झाला की निखाऱ्यावर तूप सोडून पुरणपोळीचा घास टाकायचा, ती आगारी. गॅसच्या शेगडीला निखारे कुठले? म्हणून एक गोवरी मुद्दाम पेटवतात. फ्लॅटमध्ये धुराने डोळे चुरचुरतात, पण ती खटपट अजून बरीच घरं सोडत नाहीत.

आणि पुरणपोळी कसली, तर खापरावरची. याबद्दल थोडं जास्त बोललं तर वाचकांनी राग मानू नये. मोठं मातीचं खापर चुलीवर पालथं ठेवतात. कणीक अशी सैल मळलेली असते की नवशिक्याच्या हातात ती नुसती ओघळेल. पुरण भरलेला उंडा थोडा थापून दोन्ही हातांवर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर टाकत, मनगटापर्यंत, कधी कोपरापर्यंत, तो आपल्याच वजनाने पसरू द्यायचा. पोळी एवढी पातळ होते की पुरणाचा पिवळा रंग वरून दिसतो, आणि तशीच ती खापरावर अलगद सोडायची. एक बाई हातावर फिरवते, दुसरी खापराशी बसते. बाहेर ४४ अंश आणि समोर चूल. ताटात ती घडी घालून येते, सोबत आमरस, रशी, नुकत्याच वाळवणातून निघालेल्या कुरडया नि पापड. हल्ली खान्देशी महोत्सवांत ही पोळी करून दाखवतात, लोक मोबाइलवर तिचं चित्रण करतात. चव चांगली असते. पण खापराशी कोण बसलंय, हा प्रश्न तिथं पडत नाही. घरात तो पडतो, आणि शेवटी मला त्याच प्रश्नाकडे यायचं आहे.

पितरांच्या मागोमाग लेकी. खरं तर लेकी आधीच आलेल्या असतात. भाऊ मुऱ्हाळी होऊन बहिणीच्या सासरी जातो आणि तिला घेऊन येतो. पूर्वी बैलगाडीने, मग एस.टी.ने, आता मोटरसायकलवर. आलेली बहीण दोन-चार दिवस काही काम करत नाही. ज्या समाजात बाईचं बसणं हा दोष मानतात, तिथं या चार दिवसांत ती निवांत बसते आणि कुणी तिला हटकत नाही. निंबाच्या फांदीला झोका बांधलेला असतो.

या सगळ्यांच्या डोक्यावर देवी आहे ती गौराई, आणि तीही माहेरवाशीणच. चैत्रात मुली लाकडाची गौराई बसवतात, टोपलीत गहू पेरतात, गाणी म्हणत तिच्यासाठी पाणी आणतात. आखाजी होईपर्यंत ती इथली, मग शंकर न्यायला येतो आणि तिला नदीवर पोचवतात. धुळ्याकडच्या, अमळनेर-चाळीसगावकडच्या अहिराणी गाण्यांत ती पार्वती असली तरी तिला कैलासाची मिजास नाही. उन्हाने तापलेल्या वाटेवर तिचे पाय भाजतात, आणि ती जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी आईला हाक मारते. शंकराबद्दलची तिची कुरकुरही ऐकण्यासारखी. ती देवाबद्दलची नाहीच, ती घरजबाबदारी न पेलणाऱ्या नवऱ्याबद्दलची आहे. नदीवर दोन गल्ल्यांच्या मुली समोरासमोर आल्या की गाण्यांतूनच एकमेकींची उणीदुणी काढतात आणि त्या वेळी भाषेला कसला लगाम नसतो. माहेरच्या नदीवरच एवढं मोकळं बोलता येतं.

या गाण्यांतलं एक मला फार आवडतं. खान्देशातल्या बहुतेक बायांना ते पाठ आहे. ते सुरू होतं कैरीपासून. कैरी झाडावर झोके घेते आहे. मुलगी नाही, कैरी. मग ती तुटून पडते, तिच्या आघाताने खडक फुटतो आणि फुटलेल्या खडकातून झुळझुळ पाणी वाहू लागतं. वैशाखात, खान्देशात, खडकातून पाणी! पाण्याशी धोबी येतो, मग पाण्याकाठी बाजार भरतो, बाजारात बांगड्या असतात. इथवर हे साखळीगाणं आहे, लहान मुलांना चालेल असं, एका कडीत दुसरी अडकवत जाणारं. ऐकणारा निर्धास्त असतो. आणि मग गाणारी आईला सांगते की बांगड्या घेऊन ठेव आणि भावाच्या हाती पाठव.

इथं कान टवकारावेत. बांगड्या पाठवायच्या, म्हणजे गाणारी तिथं नाही. ती सासरी आहे. ती कैरी, तो खडक, ते पाणी, तो बाजार, सगळं तिने दुरून पाहिलं, किंवा पाहिलंच नाही, मनाशी मांडलं. आपण माहेरच्या झाडाखाली उभं राहून गाणं ऐकत होतो आणि एका ओळीत कळतं की गाणारीच गैरहजर आहे. एखाद्या कसबी कथाकाराने शेवटपर्यंत राखून ठेवावं असं हे वळण आहे, आणि ज्या कुणी ते रचलं तिचं नाव कुठे नोंदलेलं नाही. दुसरी गंमत बांगड्यांची. बांगड्या सासरच्या गावातही मिळतात, कासार दारावर येतो. पण भावाच्या हातून आलेल्या बांगड्या मिळायच्या तर भाऊ यायला हवा. मुलीने मुऱ्हाळी मागितला आहे, फक्त मागणं बांगड्यांच्या नावावर टाकलं आहे. सासूसमोर म्हणता येईल असं हे गाणं आहे. ऐकणाऱ्या आईला मात्र पुरतं कळलेलं असणार.

आता बहिणाबाई. आखाजीवर लिहायचं आणि बहिणाबाईंना वगळायचं हे जळगावात कुणी खपवून घेणार नाही. ‘बहिणाबाईची गाणी’ त्यांच्या निधनानंतर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली, आणि त्यांत ‘आखजी’ नावाची कविता आहे. भाषा लेवा गणबोली, धुळ्याच्या अहिराणीपेक्षा निराळी. रचना झोक्याच्या गाण्याची. ओळीच्या सुरुवातीला आलेला शब्दसमूह लगेच पुन्हा येतो आणि ओळ ‘जी’वर टेकते. वाचताना ही पुनरुक्ती काहींना भाबडी वाटते. ती झोक्यावर बसून म्हणायची आहे, हे ते विसरतात. जमिनीला पाय मारून पहिला हेलकावा घेतला तर झोका जेमतेम हलतो. दुसऱ्या पायाला तो उचलला जातो. म्हणून शब्द दोनदा, आणि ‘जी’वर क्षणभर विसावा.

कवितेतला सगळ्यांना ठाऊक असलेला विचार असा, की झोका पुढे जातो तो माहेराकडे आणि उलटून येतो तो सासराकडे. यावर बरंच लिहिलं गेलंय आणि बहुतेकांनी ते बाईच्या जन्माचं रूपक म्हणून घेतलं. तसं ते आहेच. पण झोका बांधलाय कुठे, हे कुणी फारसं पाहत नाही. आखाजीचा निंब माहेरच्या गावातला. म्हणजे ती बाई आत्ता, या घडीला, माहेरीच आहे. न्यायला भाऊ आला, गाडीत बसली, उंबरा ओलांडला, आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, सगळं होऊन ती झोक्यावर बसली, आणि तरीही झोका निम्मा वेळ सासराकडे जातोच. माहेरी पोचूनही ती पुरती पोचलेली नाही. तक्रारीचा सूर कुठेच लागत नाही. आनंदाचंच गाणं आहे, चाल नाचरी आहे. आनंदाच्या ऐन मधोमध परतीची दिशा ठेवून कविता तशीच हसत राहते. माहेरावरच्या मराठी कवितांत एवढी निर्भ्रांत कविता मला दुसरी आठवत नाही.

बहिणाबाईंचं माहेर आसोदा, सासर जळगाव. पायी तास-दीड तासाची वाट. आज तर शहर वाढत वाढत आसोद्याच्या दिशेला सरकलं आहे. १८८० साली जन्मलेली, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावात आलेली, तिशीत विधवा झालेली ही बाई एवढ्याशा अंतरावरच्या गावासाठी एवढी झुरते, याचं शहरी वाचकाला नवल वाटतं. पण माहेर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं; बोलावणं आल्याशिवाय जाता येत नाही म्हणून ते दूर. लिहिता-वाचता येत नसलेल्या या बाईने शेतात आणि जात्यावर जे गायलं ते मुलगा सोपानदेव आणि त्याचा एक मावसभाऊ यांनी टिपून ठेवलं, म्हणून आपल्या हाती लागलं. आज जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव आहे.

पितर आले, लेकी आल्या, गौराई आली. या सगळ्यांच्या उलट दिशेने त्याच दिवशी एक माणूस घराबाहेर पडतो. त्याच्यावर कुणी गाणं रचल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. तो सालदार. खान्देशात सालदाराचं वर्ष आखाजी ते आखाजी. जानेवारी, मार्च, पाडवा, यांतलं काही त्याला लागू नाही. रब्बी घरात आलेली असते, खळं मोकळं झालेलं असतं, मृगाला अजून अवकाश असतो. शेतीच्या वर्षात खरी फट असते ती एवढीच, आणि लेकीला बोलवायला, पितरांसाठी दिवस काढायला वेळ मिळतो तो या फटीतच. मुहूर्त पंचांगातला असेल, पण त्याला जागा रिकाम्या वावराने करून दिली. सालदार वर्षभर या घरात राबला, गोठ्याशेजारी झोपला, मालकाच्या पोरांनी त्याला काका म्हटलं. आखाजीला तो जेवतो, हिशेब होतो आणि तो पुन्हा परका होतो. पुढच्या सालाची बोली ओट्यावर बसून ठरते. रोकड किती, धान्य किती, जोडे, धोतर, घोंगडं. उचल फिटलेली नसेल तर बोलीला अर्थ नसतो, त्याच मालकाकडे पुन्हा एक साल. आखाजीचा गोडवा सांगणारी लेखणी इथं थोडी अडखळली पाहिजे. अलीकडे पारडं फिरलं आहे. ठिबकवरच्या केळीला नि ट्रॅक्टरला माहितगार माणूस लागतो, तरुण पोरं सुरत किंवा पुण्याची वाट धरतात, आणि सालाचा आकडा लाखापलीकडे गेला म्हणून मालक कपाळाला हात लावतात. मला त्यांचं फारसं दुःख होत नाही.

त्याच मोकळ्या दिवसांतलं दुसरं खान्देशी वैशिष्ट्य म्हणजे पत्ते. बायका झोक्यावर आणि पुरुष पत्त्यांवर, अशी जुनी वाटणी. परंपरा म्हणून तिच्याकडे प्रेमाने पाहणारे लेख मी वाचले आहेत. बहिणीच्या लुगड्याचे पैसे पानांवर लावून आलेल्या भावाकडे कुणाला प्रेमाने पाहता येत असेल तर पाहावं. बारागाड्या ओढण्याचा थरार मात्र मला मान्य आहे. एकमेकींना जोडलेल्या गाड्यांवर माणसं लदलेली असतात आणि भगत त्या ओढत निघतो, तेव्हा गाव श्वास रोखून धरतं.

आणि एक काळी बाजू. मुहूर्त न पाहता लग्न लावता येतं असा हा दिवस. म्हणून कच्च्या वयाच्या मुलींची लग्नंही याच दिवशी उरकली जातात. २००६च्या कायद्याने ती गुन्हा आहेत, गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवक जबाबदार आहे, आणि आखाजी जवळ आली की जिल्हा प्रशासन सावधगिरीचे आदेश काढतं. ज्या दिवशी एका दारातून लेक आत येते त्याच दिवशी शेजारच्या दारातून शाळेतली पोर बाहेर काढायची, हे या सणाच्या स्वतःच्या तर्काविरुद्ध आहे. गौराईची गाणी म्हणण्याचं वय संपायच्या आत जिची पाठवणी होते, तिला पुढच्या वर्षी झोक्याची उलटी दिशा फार लवकर शिकावी लागते.

राहिला खापराशी कोण बसलंय हा प्रश्न. प्रत्येक घरची लेक माहेरी आली पाहिजे, आणि प्रत्येक लेक कुणाच्या तरी घरची सून आहे. म्हणजे हिशेबाने आखाजीच्या दिवशी गावात एकही सून उरायला नको. मग पुरण वाटायचं कुणी? हे गणित सणाने कधीच सोडवलेलं नाही, त्याने फक्त तडजोडी शोधल्या. नवी सून जाते, जुनी थांबते. किंवा नणंद येऊन दोन दिवस राहून गेली की वहिनीची पाळी. नणंद झोक्यावर असते तेव्हा वहिनीच्या हातांवर पोळी फिरत असते आणि कान रस्त्याकडे असतात. झोक्यावरची गाणी सासूवर असतात, नवऱ्यावर असतात. नणंद पाहुणी आली म्हणून जिचं जाणं लांबलं त्या वहिनीबद्दल ती गप्प असतात, कारण ती गाणी नणंदेच्या जागेवरून रचलेली आहेत. वहिनी स्वतःच्या माहेरी जाते तेव्हा तीही नणंद होते आणि तीच गाणी म्हणते. आता मोटरसायकलींनी थोडी सोय केली. सकाळी घागर भरून, आगारी टाकून, बारापर्यंत पानं उरकून वहिनी भावाच्या गाडीवर मागे बसते आणि दुपारची उन्हं डोक्यावर घेत वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या गावी निघून जाते. मग रात्रीच्या जेवणाला आमरस काढायला आणि राहिलेल्या उंड्यांच्या पोळ्या करायला सासू नि माहेरवाशीण लेक दोघीच असतात. लेकीच्या पोळ्या खापरावर फाटतात, सासू एकदा तिच्याकडे बघते आणि म्हणते, तुझी वहिनी बरी करते गं.